मैदानात सोडलेलं पाणी

बहरीनमधल्या बुसैतीनच्या त्या मैदानावर गवत नव्हतं तेव्हाच ते बरं होतं, असं मी म्हटलं तर तेव्हाचे माझे सोबती हसतील. तिथं गवत आणणाऱ्यांत मीही होतो. सर्व्हेची दुर्बीण खांद्यावर घेऊन त्या मैदानाची लेव्हल काढणारा पहिला माणूस मीच. त्यामुळे बोलायचा हक्क मला कितपत आहे, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

गवत नव्हतं म्हणजे नुसती वाळू होती. मोठ्या लीगमध्ये कधी न गेलेला, वस्तीतल्या लोकांनी चालवलेला तो फुटबॉल क्लब. खेळणारे कोण, तर मासे पकडणारे, शाळामास्तर, वीज केंद्रातले फिटर. धूळ उडू नये म्हणून वाळूवर गॅरेजमधलं जुनं इंजिन ऑइल शिंपडायचे आणि रोलर फिरवायचे. उन्हात ते तापलं की नाकात घुसायचं, पडलेल्या खेळाडूचा गुडघा काळा व्हायचा आणि तो काळेपणा आठवडाभर जात नसे. एका बाजूला समुद्र, डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं. शुक्रवारी संध्याकाळी शेदोनशे माणसं मातीच्या बांधावर बसून खेळ बघायची आणि एकमेकांना यथेच्छ शिव्या द्यायची.

हे मैदान राखायचे ते चाचा. राजपुरीच्या खाडीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे त्यांचं. कोकणी मुसलमान, वय सत्तावन्न, क्लबच्या व्हिसावर आलेले आणि एकवीस वर्षं त्याच क्लबमध्ये. गोलपोस्टच्या मागे पत्र्याची एक खोली होती, तिच्यात राहायचे. चुन्याच्या रेघा मारायचे ते दोरी न लावता, आणि मी एकदा खोडसाळपणे दुर्बीण लावून बघितलं तर रेघ खरंच सरळ होती. मला त्याचा उगाच राग आला होता. डिप्लोमा करून आलेल्या माणसाला असले राग येतात.

मी आमच्या बौद्धवाडीतून सिव्हिलचा डिप्लोमा करणारा पहिला. माझा बाप आयुष्यभर दुसऱ्यांच्या खारजमिनीचे बांध घालत होता. भरतीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून चिखलाचे बांध, दर वर्षी फुटणारे, दर वर्षी पुन्हा घालायचे. त्या चिखलाची मला लाज होती, हे लपवण्यात अर्थ नाही. बहरीनला आल्यावर मी ऑफिसात ‘मेरा फादर एग्रिकल्चर में था’ एवढंच सांगायचो. पण चाचांना पहिल्याच भेटीत सगळं कळलं. गाव कुठलं, वाडी कुठली, बाप कोण, हे त्यांनी तीन प्रश्नांत काढून घेतलं आणि म्हणाले की तुझ्या बाला मी बघितलाय, आमच्या खारीच्या बांधावर यायचा. त्यानंतर ते मला ‘अरे तुरे’ करायला लागले आणि मी त्यांना ‘अहो चाचा’. साइटवर मी साहेब होतो, त्यांच्या खोलीत मात्र मुलगाच.

कुवेतचं युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. कुणीतरी वरून क्लबला मदत द्यायचं ठरवलं आणि मैदानाच्या विकासाचं काम आमच्या कंपनीला मिळालं. चारी बाजूंनी भिंत, पाच पायऱ्यांचा स्टँड, दिवे, खेळाडूंच्या खोल्या आणि मुख्य म्हणजे गवत. क्लबचा सेक्रेटरी बहरीनी शाळामास्तर होता, भला माणूस. त्याने चाचांना बोलावून सरळ सांगितलं होतं: गवत जगलं तर तुम्हीच माळी, दोन वर्षांचा नवा व्हिसा. नाही जगलं तर देखभाल बाहेरच्या कंपनीकडे जाईल, ती स्वतःची माणसं आणेल, मग माझ्या हातात काही नाही. या वयात एकदा व्हिसा रद्द झाला की दुसरा कोण देणार? चाचांचा धाकटा मुलगा आयटीआयला होता. दोन वर्षं मिळाली की तो हाताशी येईल, मग मी खुशीने जातो, असं चाचा म्हणायचे. त्या गवतावर त्यांचं इतकं अवलंबून होतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काम सुरू झालं तेव्हा मी चाचणीचे चार खड्डे खणून घेतले. चार फुटांवर पाणी लागलं. चव बघायची गरज नव्हती, समुद्र हाकेच्या अंतरावर होता. लेव्हल बुकात मी माझ्या हाताने लिहिलं: पाणी चार फुटांवर, खारट. मूळ ड्रॉइंगमध्ये वाळूखाली खडीचा थर आणि भोकांचे पाइप दाखवले होते, पाणी बाहेर काढायला. पुढे खर्च कमी करायच्या नावाखाली ते पाइप ड्रॉइंगमधून गायब झाले. नव्या ड्रॉइंगवर ते नाहीत हे मी बघितलं आणि विचारलं नाही. आमचा मॅनेजर केरळचा होता, वीस वर्षांचा अनुभव, विचारणाऱ्याला खालून वर न्याहाळायची त्याची सवय. मला ती सवय सोसत नसे.

वाळूचंही तेच. करारात धुतलेली वाळू होती. आली ती समुद्रातून उपसलेली, पलीकडे भर घालायला आणलेल्या ढिगातली, तशीच. शिंपल्यांचे तुकडे सुद्धा तिच्यात दिसत होते. ट्रक रिकामा झाला की पावतीवर सही माझी. पहिल्याच ट्रकला चाचा आले, चिमूटभर वाळू उचलून जिभेवर ठेवली, जरा वेळ तोंड मिटून उभे राहिले आणि थुंकले.

‘खारी हाय ही,’ ते म्हणाले. ‘हिच्यात काय लावणार?’

आमच्याकडे खारीतला प्रत्येक म्हातारा हेच करतो. बांध फुटून खाडीचं पाणी आत आलं की कुठल्या कोपऱ्यात भात होईल आणि कुठल्या नाही, हे मातीची चव घेऊन सांगतो. माझा बापही करायचा. लहानपणी मी त्याला ते करताना बघून तोंड फिरवायचो. त्या दिवशी मात्र मी मॅनेजरकडे जाऊन बोललो. तो म्हणाला की हे गवत खारं पाणी सोसणारं आहे, कॅटलॉगमध्ये लिहिलंय, तू लेव्हल बघ. मी लेव्हल बघितली. पुढच्या सगळ्या पावत्यांवर माझ्या सह्या आहेत.

थंडीत गवत लावलं. मुळांसकट आणलेले बारीक ठोंब, एकेक करून हाताने रोवायचे. पंधरा-वीस मजूर वाकून ओळीत सरकत होते आणि चाचा बांधावर उभे राहून त्यांना ओरडत होते की वीतभर अंतर ठेवा, पाय मागे टाका, लावलेलं तुडवू नका. भातलावणीच होती ती. एकवीस वर्षांत इतकं खूश मी त्यांना बघितलं नाही, असं सेक्रेटरी म्हणाला. मार्चपर्यंत मैदान हिरवं झालं. बायको-मुलांना घेऊन मी एका शुक्रवारी बघायला गेलो. मुलं इंग्रजीत किंचाळत गवतावर लोळली, चाचांनी त्यांना हाकललं नाही. बायकोने भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती, ती आम्ही त्या पत्र्याच्या खोलीत बसून खाल्ली. सुखाची म्हणावी अशी त्या वर्षातली तेवढीच दुपार मला आठवते.

मे लागला आणि समुद्राकडच्या गोलपोस्टपाशी गवत पिवळं पडायला लागलं. आधी ताटाएवढा तुकडा, मग चटईएवढा, मग दोन्ही कोपरे. चाचांनी पाणी वाढवलं. पिवळं वाढतच गेलं आणि मधून मधून वाळूवर पांढरी बुरशीसारखी पापडी दिसायला लागली. मीठ. मॅनेजरने सांगितलं की खत घाला. खत घातलं. जूनच्या सुरुवातीला सेक्रेटरी येऊन बघून गेला, जाताना चाचांच्या पाठीवर हात ठेवून गेला. त्या हाताने चाचा जास्तच घाबरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. सकाळी सातचीच वेळ, तरी अंग ओलं झालं होतं. आम्ही दोघे त्या मेलेल्या कोपऱ्यात उकिडवे बसलो. चाचांनी पापडी नखाने उचलून मला दाखवली आणि विचारलं की खारीत मीठ वर आलं की तुझा बा काय करायचा. मी सांगितलं, पहिला पाऊस शेतात कोंडून धरायचा, दोन-तीन दिवस मुरू द्यायचा, मग उघाडी काढायची. उघाडी म्हणजे बांधातली फळी, ओहोटीला ती वर उचलली की शेतातलं पाणी मीठ घेऊन खाडीत जातं. चाचांनी मान हलवली. त्यांच्याही डोक्यात तेच होतं. मैदानाच्या कडेने वीतभर बांध घालायचा, टँकरचं गोडं पाणी आत सोडायचं, तीन दिवस उभं ठेवायचं. मीठ खाली जाईल. सेक्रेटरीकडे टँकर मागितले तर तो देईल, कशाला ते विचारणार नाही.

‘करू काय?’ ते म्हणाले. ‘तू इंजिनिअर हाईस. तू बोल.’

मी इंजिनिअर नव्हतो, डिप्लोमावाला सर्व्हेअर होतो. पण त्या घटकेला मला फार बरं वाटलं, ते अजून लख्ख आठवतं. कॅटलॉग वाचणाऱ्या त्या मॅनेजरला जे येत नाही ते मला येतं, आणि तेही माझ्या बापाच्या चिखलातून आलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या चिखलाचा अभिमान वाटला आणि तो नेमका तिथे वाटला.

‘करा चाचा,’ मी म्हणालो. ‘मी आहे.’

जाताना एवढंच सांगितलं की ऑफिसात माझं नाव घेऊ नका, उगाच चौकशा होतील. गवत उठलं की मीच सांगेन.

चार दिवस टँकर आले. मैदान काठोकाठ भरलं. क्लबची पोरं भिंतीवर बसून हसली, होड्या आणू का म्हणाली. कुठून तरी लांब पायांचे पक्षी येऊन पाण्यात उभे राहिले. चाचा लुंगी वर खोचून बांधावरून फिरत होते, कुठे झिरपतंय ते बघत होते, आणि लांबून मला क्षणभर खरंच वाटलं की मी गावाला आहे. भरल्यापासून तिसऱ्या दिवशी पाणी मुरलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

गावाकडे चार महिने पाऊस असतो. गावाकडे उघाडी असते. इथे पाणी बाहेर जायला वाटच नव्हती, ती वाट म्हणजे ते पाइप, आणि ते ड्रॉइंगमधून काढलेले मी बघितले होते. खाली चार फुटांवर खारं पाणी होतं, ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. वरचं गोडं पाणी खालच्या खाऱ्याला भेटलं, पातळी वर आली, आणि मग जूनच्या उन्हाने ते सगळं मिठासकट वर ओढून घेतलं. आठ दिवसांत मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं झालं. जगलेलं गवतही गेलं. चाचांनी जे केलं ते खारीतला कुठलाही जाणता माणूस करेल. त्यांना खड्ड्यातलं पाणी ठाऊक नव्हतं. मला होतं. त्या सकाळी उकिडवं बसून बढाया मारताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, हे खरं आहे, आणि त्याने काही फरक पडत नाही हेही खरं आहे.

क्लबने बोलणं बंद केलं, वरून पत्र आलं, मॅनेजरने मला आत बोलावलं. त्याच्यासमोर करार होता आणि वाळूच्या पावत्यांची फाइल होती, माझ्या सह्यांची. त्याने ती फाइल उघडली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवून बसला. म्हणाला की मैदान तर पाणी भरल्यामुळे मेलं, बरोबर? ते कंपनीने सांगितलं नव्हतं, बरोबर? तू साइटवर होतास, तुला काही माहीत होतं का? माझी बायको, दोन मुलं, तिघांचाही व्हिसा माझ्या व्हिसाला टांगलेला. मुलीची शाळा नुकती सुरू झालेली. हे सगळं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिलो. मी म्हणालो, मला माहीत नव्हतं.

मीटिंग क्लबच्या नव्या खोलीत झाली. रंगाचा वास अजून गेला नव्हता. सेक्रेटरी, मॅनेजर, मी, आणि दारापाशी उभे चाचा. बस म्हटलं तरी बसले नाहीत. सेक्रेटरीने त्यांना अरबीत विचारलं की पाणी का भरलंस. चाचांनी सांगितलं, मीठ धुवायला, आमच्या मुलखात असंच धुतात. सेक्रेटरीने विचारलं, कुणाला विचारून? सेक्रेटरीला त्यांना वाचवायचं होतं, मला स्पष्ट दिसत होतं. त्याने पुन्हा विचारलं, हळू, शाळेत मुलाला विचारावं तसं. तेव्हा चाचांनी माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की याला विचारलं होतं, हा आमच्या गावचा आहे, याला माहीत आहे.

सेक्रेटरी माझ्याकडे वळला. इंग्रजीत म्हणाला, ‘तू त्याला सांगितलंस?’

मी म्हणालो, ‘नाही.’

मॅनेजर कागद बघत होता. सेक्रेटरीने चाचांकडे बघितलं. त्यांनी अजून एक वाक्य बोलावं म्हणून तो थांबला, बराच वेळ थांबला. चाचा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, वाळू जिभेवर ठेवल्यावर जसे उभे राहिले होते तसे.

‘खलास,’ ते म्हणाले आणि बाहेर गेले.

व्हिसा महिन्याभरात रद्द झाला. क्लबची देखभाल बाहेरच्या कंपनीकडे गेली. आणि मैदान पुन्हा करायचं काम, वेगळ्या ऑर्डरवर, आमच्याच कंपनीला मिळालं. चूक आमची नव्हती ना. या वेळी पाइप घातले, खडी घातली, वाळू धुऊन आणली. पाइपांचा उतार मीच दुर्बिणीतून लावून दिला, अगदी चोख. त्याबद्दल मॅनेजरने माझं कौतुकही केलं.

चाचा जायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी आले. आखातातून कुणी गावाला निघालं की ओळखीच्यांना विचारून जायचं, काय पाठवायचं आहे का, ही आपल्या लोकांची रीत. ती त्यांनी मोडली नाही. मी दार उघडलं आणि बाजूला सरकलो. बायकोला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की गवत जळलं आणि चाचांची नोकरी गेली. तिने त्यांना बसवलं, चहा केला, डोळे पुसले. मग माझ्या आईसाठी दुधाची पावडर, बामच्या बाटल्या, एक ब्लँकेट असं भराभर बांधायला लागली. मी म्हणालो, अगं राहू दे, त्यांना ओझं होईल. चाचा तिला म्हणाले, द्या ताई, माझं सामान काय, दोन शर्टं. माझ्याकडे ते एकदाही वळले नाहीत. चहा मात्र पूर्ण प्यायले.

मी जिन्यापर्यंत गेलो. म्हणायचं होतं ते पाठ करून ठेवलं होतं. चाचांनी ब्लँकेटची गाठोडी खांद्यावर नीट केली, कठड्याला धरून उतरायला लागले. मी वरच उभा राहिलो. दोन जिने खाली त्यांच्या चपलांचा आवाज येत होता तोवर हाक मारता आली असती.

दीड महिन्याने आईचं पत्र आलं. तिला लिहिता येत नाही, वाडीतल्या मास्तरांकडून लिहून घ्यायची. लिहिलं होतं की खाडीपलीकडचे एक गृहस्थ होडीने येऊन सामान देऊन गेले, ब्लँकेट फार ऊबदार आहे. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, तुझ्या बापाची आठवण काढली. मी विचारलं की माझा मुलगा कसा आहे, तर म्हणाले की चांगला आहे, तिथे त्याचं सगळे ऐकतात, साहेब लोक सुद्धा त्याचं खरं मानतात. ते ऐकून मला फार बरं वाटलं. मास्तरांना ते दोनदा सांगितलं. पण त्या माणसाची तब्येत उतरलेली दिसली. या वयात दुसऱ्यांच्या बांधावर रोजाने जातात, असं मागून कळलं. भला माणूस आहे. तुझं सगळे ऐकतात तर साहेबाला सांगून त्यांना परत बोलावून घे.

बायको समोर बसून मेथी निवडत होती. पत्र मोठ्याने वाच म्हणाली. ब्लँकेटपर्यंत मी वाचलं, मग कागदाची घडी घातली आणि म्हणालो, बाकी नेहमीचंच आहे.